एका कार्डावर सहा घरं

जुळे सोलापुरातल्या शिवगंगा अपार्टमेंटमध्ये राजश्री बिराजदारला सगळ्या जणी 'कूपनवाल्या वहिनी' म्हणत आणि ते नाव तिला आवडायचं. सत्तेचाळीस वर्षांत कुणी तिला कशातली तरी जाणकार मानावं, असं आधी कधी घडलं नव्हतं.

सुरुवात झाली ती तिच्या नवऱ्याच्या, शिवानंदच्या टॉवेलच्या कारखान्यापासून. तिथे नवे माग आले. ते स्वतःचा तुटलेला धागा स्वतःच सांधत. आठवड्याचे सहा दिवस कामाला जाणारा शिवानंद तीनच दिवस जाऊ लागला आणि उरलेले दिवस गॅलरीत बसून काढू लागला. मुलगी लग्न होऊन विजापूरला गेलेली, खाणारी तोंडं दोनच. तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डाळीचा डबा खरवडायची वेळ येऊ लागली.

तोवर कोपऱ्यावरची किराणा दुकानं एकेक करून बंद पडली होती आणि वस्तीला 'भरणी बाजार' हे एकच मोठं दुकान उरलं होतं. तिथल्या फळ्यांवर किमती लिहिलेल्या नसत. आपलं कार्ड वस्तूजवळ नेलं की खालच्या पट्टीवर आपल्यापुरती किंमत उमटे. दर आठवड्याला फोनवर कूपनं येत, तीही ज्याची त्याला वेगळी. एकाच तुरीच्या डाळीला शेजारच्या दोघी वेगवेगळे पैसे देत, आणि कुणाला किती पडले हे विचारणं हळूहळू पगार विचारण्याइतकं अवघड होऊन बसलं होतं.

पहिल्या महिन्यात राजश्री पुरती फसली. कूपन आलं की तिला वाटे, सोडलं तर नुकसान. तिने मेयोनीजच्या तीन बाटल्या आणल्या, मक्याच्या पोह्यांची खोकी आणली, कसल्याशा परदेशी शेवया आणल्या. शिवानंदने तीन दिवस भाकरीला मेयोनीज लावून खाल्लं आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. ते तिला जास्त लागलं.

मग ती नेटाने शिकायला बसली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ती नोंदी करू लागली. आधी यादी करायची, कूपनं नंतर बघायची; यादीत नाही त्याच्या कूपनाकडे ढुंकून पाहायचं नाही. दुकानाचं कूपन आणि कंपनीचं कूपन एकाच वस्तूवर चालतं का ते बघायचं. तेल फोनवरच्या टोपलीत टाकून दोन दिवस तसंच सोडायचं. गिऱ्हाईक बिचकतंय असं दुकानाच्या किंमत ठरवणाऱ्या यंत्राला वाटलं की ते भाव आणखी थोडा उतरवतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोठी खरेदी करायचीच नाही, कारण पगार झालेला यंत्रालाही कळतो. तीन महिन्यांत डाळीचा डबा महिनाअखेरीसही अर्धा भरलेला राहू लागला.

हे सगळं तिने पहिल्यांदा शिकवलं ते समोरच्या अंबिका यमूलला. अंबिकाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ती घरीच शाळेचे गणवेश शिवायची आणि त्यावर मुलीला, श्रावणीला, हैदराबादला औषधशास्त्र शिकवत होती. राजश्रीच्या घरात कानडी, अंबिकाच्या घरात तेलुगू. दोघींचं आपसातलं बोलणं मराठीत. गेली चौदा वर्षं दुपारचा चहा एकीच्या नाहीतर दुसरीच्या घरी व्हायचा.

कार्ड एकत्र करायची कल्पना राजश्रीची. महिन्याला ठराविक रकमेच्या वर खरेदी झाली की कार्ड सोनेरी व्हायचं आणि मग कूपनं जवळजवळ दुप्पट यायची. एका घराची खरेदी तिथवर पोचत नव्हती. सहा घरांची सहज पोचली असती. नियम 'एक माणूस, एक कार्ड' असा होता, पण गल्ल्यावर नुसता नंबर सांगितला तरी चालायचं. दिवाळीच्या आधी राजश्रीने अंबिकाला आणि इमारतीतल्या आणखी चौघींना चहाला बोलावलं, कॅलेंडर दाखवलं आणि पुढच्याच महिन्यात कार्ड सोनेरी झालं. सगळ्यांच्या याद्या ती गोळा करी, सामान आणी, वाटून देई. जिन्यात बायका थांबून तिचा सल्ला घेत. शिवानंदसुद्धा गॅलरीतून उठून पिशव्या वर आणायला मदत करू लागला.

संक्रांतीनंतर भरणी बाजाराचा एक नवा अर्ज आला. 'आरोग्य-पहारा' घ्या आणि वर्षभर तेलावर जादा कूपन मिळवा. राजश्रीने तो पुरता वाचला. एव्हाना तिला तशी सवय लागली होती.

त्यामागचं शास्त्र अर्जात सोप्या शब्दांत दिलं होतं. अंडाशयाचा कर्करोग लवकर सापडत नाही, कारण त्याची सुरुवातीची लक्षणं साधी असतात. पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत पोट भरतं, कंबर धरते. बाई डॉक्टरकडे जात नाही. ती ओवा आणते, सोड्याची पुडी आणते, मलम आणते. तिला स्वतःला काही कळायच्या सहा-आठ महिने आधी तिच्या वाणसामानाचं बिल बदललेलं असतं. हजारो रुग्णांची जुनी बिलं तपासून डॉक्टरांनी आणि गणितज्ञांनी हा बदल हुडकला होता. एकट्या ओव्याला काहीच अर्थ नसतो. पण ओवा वाढला, मलम वाढलं, तळणाचं तेल आणि डाळी कमी झाल्या, आणि हे सगळं महिनोन् महिने एकाच दिशेने चाललं, तर यंत्र ते टिपतं. एका बाईची तुलना ते दुसरीशी करत नाही. प्रत्येकीच्या खरेदीची एक चाल असते आणि यंत्र तिला तिच्याच जुन्या चालीशी ताडून बघतं. शंका आली की रुग्णालयातून फोन येतो आणि तपासणी फुकट होते. तपासणीचा निकाल पुन्हा यंत्राला कळवला जातो, त्यावरून ते आणखी शिकतं.

शेवटी एक ओळ होती. हे कार्ड मी एकटीच वापरते.

राजश्री क्षणभर थांबली. मग तिने तिथे खूण केली. सहा घरांच्या तेलाचा प्रश्न होता.

श्रावणात फोन आला. बोलणारी नर्स फार हळुवार बोलत होती. गेल्या पाच महिन्यांत तुमच्या खरेदीत काही बदल दिसतात, घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदा येऊन जा, असं ती म्हणाली. राजश्रीने शिवानंदला सांगितलं नाही. त्याचे ते तीन दिवसही जातील अशी कुजबुज कारखान्यात होती. अंबिकालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि तिला बघून आपणही रडलो असतो, असं तिला वाटलं. बहिणीकडे जाते म्हणून ती एकटीच रुग्णालयात गेली.

रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी झाली. चार दिवसांनी निकाल घ्यायला ती पुन्हा गेली तेव्हा डॉक्टर अस्मिता हिप्परगी यांनी तिला समोर बसवून घेतलं. सगळं स्वच्छ होतं. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि समजावलं, की अशा चार बायकांपैकी तिघींचं काहीच निघत नाही. यंत्राला अंडाशय दिसत नाही, बिल दिसतं. मग पडद्यावर निकाल भरता भरता त्यांनी विचारलं,

"राजश्रीताई, हे कार्ड तुम्ही एकट्याच वापरता ना?"

ते विचारणं साधं होतं, फॉर्मवरचा एक चौकोन भरण्यापुरतं. पण राजश्रीला लख्ख कळलं की हा फोन आपल्यासाठी नव्हताच. त्याबरोबर बाकीचंही कळलं. खरं सांगितलं तर कार्ड रद्द होणार, मिळालेली सवलत परत मागणार, सहा घरांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"हो," ती म्हणाली. "म्हणजे घरात मिस्टर आहेत, पण सामान मीच आणते."

"मग हा बदल तुमचा नेहमीचाच समजायचा," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राला आता ते कळेल. पुन्हा उगाच बोलावणार नाही तुम्हाला."

घरी आल्यावर तिने फोनवर पाच महिन्यांची बिलं उघडली. ओवा, सोड्याच्या पुड्या, कंबरेचं मलम. एप्रिलमध्ये गरम पाण्याची शेकायची पिशवी. कुठली पुडी कुणाची हे बिलात लिहिलेलं नव्हतं, पण शेकायची पिशवी तिने स्वतः अंबिकाच्या हातात दिली होती. अंबिकाच्या यादीतून शेंगदाणे आणि तेल कधी कमी झालं, तेही तिला आठवलं.

त्याच दुपारी ती समोर गेली. अंबिका मशीनवर वाकून निळ्या पिनाफोरला पट्टा लावत होती.

"तुझं पोट कसं आहे गं?" राजश्रीने विचारलं.

"पोटाला काय झालंय? दिवसभर वाकून बसायचं, गॅस धरतो."

"एकदा दाखवून तरी ये की."

"श्रावणीचं शेवटचं वर्ष आहे. ते होऊ दे, मग बघू."

पुढचं वाक्य राजश्रीच्या ओठावर होतं. मला फोन आला होता, तो माझा नव्हता, तुझा असावा. ते उच्चारलं असतं तर अंबिका कदाचित त्याच आठवड्यात गेली असती. पण त्या वाक्याला जोडून दुसरं वाक्य सांगावं लागलं असतं, की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. आज नको, पुढच्या आठवड्यात शांतपणे सांगू, असं ठरवून तिने कप धुतला आणि ती घरी आली. पुढच्या आठवड्यात गौरी-गणपती आले. मग नवरात्र आलं.

मधल्या काळात तिने आणखी एक गोष्ट केली. यंत्राने पुन्हा हाक मारली तर काय उत्तर द्यायचं, या भीतीने अंबिकाच्या पुड्या आणि मलम ती सात रस्त्याजवळच्या औषधांच्या दुकानातून रोख पैसे देऊन आणू लागली. कार्डावर त्यातलं काही उमटू दिलं नाही. अंबिकाला तिने सांगितलं, की तिकडे स्वस्त मिळतं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. श्रावणी सुट्टीवर आली होती. आईला जत्रेत घेऊन गेली आणि अर्ध्या तासात रिक्षाने परत घेऊन आली. अंबिकाचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता आणि परकराची नाडी मात्र पोटावर पुरत नव्हती. इतके दिवस रोज बघणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं, ते चार महिन्यांनी आलेल्या पोरीला उंबऱ्यातच दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने आईला रुग्णालयात नेलं. पोटात पाणी झालं होतं. आजार तिसऱ्या टप्प्यात होता.

राजश्री डबे पोचवू लागली. पेज, मऊ भात, ताक. अंबिका दोन घास खाऊन डबा झाकून ठेवी. एका संध्याकाळी श्रावणी रिकामा डबा द्यायला आली आणि दारातच उभी राहिली.

ती म्हणाली की रुग्णालयात आईच्या कार्डाचा नंबर मागितला होता. पहाऱ्याला हे आधी पकडता आलं असतं का ते त्यांना बघायचं होतं. आईच्या कार्डावर सव्वा वर्षात एकही खरेदी नव्हती. जणू ही बाई सव्वा वर्ष काही जेवलीच नव्हती. मग आईने सांगितलं, की सगळं काकूंच्या कार्डावर यायचं.

"काकू, तुमच्या कार्डावर कधी काही निरोप आला होता का?"

"नाही गं बाळा," राजश्री म्हणाली.

श्रावणीने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, मान हलवली आणि ती गेली. राजश्रीने डबा ओट्यावर ठेवला. आता तिच्या खोट्याला शिवानंद, तेल, सहा घरं यातलं काहीच कारण उरलं नव्हतं. हे खोटं फक्त तिच्यासाठी होतं, आणि ते तिला स्पष्ट दिसत होतं.

आठ दिवस तिने कसेबसे काढले. नवव्या दिवशी ती डॉक्टर हिप्परगींकडे गेली आणि सगळं सांगितलं. फोनचं, 'हो' म्हटल्याचं आणि रोखीने आणलेल्या पुड्यांचंही. मग डॉक्टरांनी राजश्रीच्या कार्डाचा आलेख पडद्यावर काढला. मार्चपासून एक रेघ हळूहळू वर चढत होती. ऑगस्टमध्ये तिथे हिरवी खूण होती. त्यानंतर रेघ खाली आली होती.

"सहा घरांच्या गोंधळातूनसुद्धा यंत्राने तिला ओळखलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी स्वतः त्याला सांगितलं की हे चूक आहे."

राजश्रीने विचारलं, की तेव्हा कळलं असतं तर अंबिका पूर्ण बरी झाली असती का. खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा कदाचित पहिला टप्पा असता, आणि पहिल्या टप्प्यातल्या दहांपैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही असतात. मग खुर्ची थोडी वळवून त्यांनी बाकीचंही सांगितलं. गावोगावी बायकांनी अशीच कार्डं एकत्र केली होती. शंका चुकीच्या निघण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं, की यंत्राची संवेदनशीलता मागच्याच महिन्यात कमी करण्यात आली होती. आता ते पूर्वीपेक्षा उशिरा हाक मारणार होतं. सगळ्यांनाच.

राजश्रीचं कार्ड आठवड्याभरात रद्द झालं. बाकीच्या चौघींना तपासणीला बोलावलं गेलं. चौघीही निरोगी निघाल्या. त्यातल्या दोघींनी तिच्याशी बोलणं सोडलं. रोग दडवल्याबद्दल की बंद झालेल्या कूपनांबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शिवानंदला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की सवलतीचे पैसे भरू हळूहळू, आधी समोर जाऊन ये.

ती समोर गेली. अंबिका भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला सुती फडकं बांधलेलं होतं. शिलाई मशीनवर चादर टाकली होती. श्रावणी औषधं आणायला बाहेर गेली होती. राजश्री खाली फरशीवर बसली आणि श्रावणातल्या फोनपासून सगळं सांगू लागली. कुठेही स्वतःची बाजू घ्यायची नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते तिने पाळलं. सांगताना तिने अंबिकाच्या पायांकडे बघितलं, तोंडाकडे नाही. पाय सुजलेले होते.

सांगून संपलं. खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली.

"तपासायला एकटीच गेलीस?" अंबिकाने विचारलं.

"हो."

"निकाल येईपर्यंत चार दिवस एकटीनेच काढलेस?"

राजश्रीने मान हलवली.

"मला सांगायचं होतंस," अंबिका म्हणाली. "मी आले असते सोबत."

राजश्रीने शिव्यांची तयारी केली होती, रडण्याची केली होती. अंबिका सोबत आली असती तर त्याच बाकावर, त्याच डॉक्टरच्या दारात बसली असती आणि तिचं दुखणं तेव्हाच कळलं असतं, हे दोघींनाही एकाच वेळी उमगलं असावं, कारण अंबिकाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता जा तू," ती म्हणाली. "मला पडायचंय."

त्यानंतर महिनाभर ते दार राजश्रीसाठी उघडलं नाही. डबा श्रावणी दारातच घेई, तोही पुढे पुढे घेईनाशी झाली. चैत्रात मात्र श्रावणीची परीक्षा आली. तिला चार दिवस हैदराबादला जावं लागणार होतं आणि मधेच अंबिकाची किमो होती. दुसरं कुणी नव्हतं. श्रावणीने येऊन कागदावर लिहिलेल्या वेळा राजश्रीच्या हातात दिल्या, कुठली गोळी कधी ते सांगितलं, आणि बाकी काही न बोलता ती गेली.

रिक्षात अंबिका डोळे मिटून बसली होती. खड्डा आला की ती राजश्रीचा दंड धरी आणि खड्डा गेला की सोडून देई. वॉर्डात तिला खाटेवर झोपवलं, सुई लागली, थेंब पडू लागले. राजश्रीने स्टूल ओढून घेतलं. तिने पाण्याची बाटली उशाशी ठेवली, फडकं सारखं केलं, आणि अंबिकाने ते करू दिलं.

थोड्या वेळाने नर्स कागद घेऊन आली. रुग्णासोबत कोण आहे ते लिहायचं होतं. राजश्रीने नाव सांगितलं.

"नातं?" नर्सने विचारलं.

राजश्रीने तोंड उघडलं, पण तिला एकदम शब्द सुचेना. नर्स पेन धरून थांबली होती.

"शेजारीण," अंबिका डोळे न उघडता म्हणाली. "शेजारीण लिहा."

नर्सने तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद राजश्रीपुढे केला.